आखाजीची कुलुपं

७ जुलै, सोमवार

पत्र आलं. पर्यवेक्षिका मॅडमनी स्वतः आणून दिलं, चहासुद्धा घेतला नाही. आमची खदान वस्तीची अंगणवाडी एक सप्टेंबरपासून बंद! मुलं हायवेपलीकडच्या केंद्रात ‘समाविष्ट’ करायची. कारण काय, तर एप्रिलच्या सर्वेक्षणात वस्तीत सहा वर्षांखालची अकराच मुलं आढळली.

अकरा! आज खिचडीला चौतीस बसली होती. आमच्या मदतनीस भागाबाईनं पातेलं खरवडून शेवटच्या दोघांना वाढलं.

मॅडमना म्हटलं, हजेरीपत्रक बघा ना. तर म्हणाल्या, ऑफिसात हजेरीवर कुणाचा विश्वास नाही, सगळ्या सेविका आकडे फुगवतात असाच समज आहे. सर्वेक्षण घरोघर जाऊन झालेलं, म्हणून तेच खरं. मग दारात चपला घालताना हळूच म्हणाल्या, “सारिकाताई, तुमचं हजेरीपत्रक खोटं की तुमचा सर्व्हे खोटा, एक काय ते ठरवा.”

कारण अकरा मीच लिहिली आहेत. सही माझीच.

८ जुलै, मंगळवार

सकाळपासून डोकं ठणकतंय. लिहून टाकते म्हणजे एकदाचं होईल.

सर्वेक्षण २८, २९, ३० एप्रिलला होतं. तीसला आखाजी. तारखा वरून आलेल्या. ज्यानं काढल्या त्याला अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस, एवढंच ठाऊक असणार. आमच्याकडे आखाजीला सासुरवाशीण माहेरी गेली नाही असं होतच नाही. बाया पोरं घेऊन साक्री, शिरपूर, पाचोरा, जिकडे ज्याचं माहेर तिकडे. गडीमाणसं आपापल्या गावी, पूर्वजांची घागर भरायला. ती भरून झाली की पत्ते कुटायला! आठ दिवस वस्तीत कुत्र्याला भुंकायला माणूस सापडत नाही.

नियम असा, की घर बंद असलं तर दुसऱ्या दिवशी परत जायचं. दोन्हीदा बंद असेल तरच रकान्यात ‘घ. बं.’ लिहायचं. २८ला मी सगळी वस्ती फिरले. कुलूप, कुलूप, कुलूप. २९ला परत निघणार, पायात चपला घातलेल्या, तर दारात हेमांगी. माझी लेक. धुळ्याहून एकटी आलेली. कडेवर नात चिकू, हातात एक पिशवी. शेजारणी म्हणाल्या, वा, लेक आखाजीला आली! मला तिचा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत काळानिळा.

दोन दिवस मी घराबाहेर पडले नाही. तीस तारखेला ओट्याला टेकून बसले आणि एकेका कुलुपापुढे लिहीत गेले — ‘दोनदा भेट. घ. बं.’ हेमांगी एका हातानं पुरण वाटत होती. वाटलं, बंदच तर आहेत घरं, परत जाऊन काय दिवे लावणार होते? कोण बघतंय?

कोणीच बघितलं नाही. तेच वाईट झालं.

१० जुलै, गुरुवार

पत्र वस्तीत कळलं. अंगणवाडीच्या दारात लोटनभाऊंनी मोठ्यानं वाचून दाखवलं. ते चटईच्या कारखान्यात आहेत, सातवी शिकलेले, वस्तीचा कागदपत्रांचा कारभार त्यांच्याकडेच.  मग भिकुबाई अक्कांनी तोंड उघडलं.

“आखाजीले कोन ऱ्हास वं घर? बठ्ठा गावले ग्यात. आनि हाऊ मुडदा कुलपं मोजी गया!”

सगळे हसले. मग त्या ‘मुडद्या’ला एकेकानं मनसोक्त शिव्या घातल्या. आंधळा होता का, दारू पिऊन आला होता का, पोरंबाळं नाहीत का त्याला. मी खाली मान घालून पोरांची नखं तपासत राहिले. एकाच पोराची तीनदा तपासली. ते बिचारं हात पुढे करतच राहिलं.

भिकुबाई दालमिलमध्ये डाळ निवडायला जातात. पोरगा-सून वीटभट्टीवर, नात दुर्गी आजीजवळ. दुर्गी तीन वर्षांची, पण चिकूच्या निम्मी दिसते. जानेवारीत तिच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली तर सरळ लाल रंगावर गेली. आता कशीबशी पिवळ्यावर आणली आहे मी आणि भागाबाईनं. सकाळचा खाऊ, दुपारची खिचडी आणि वर भागाबाईच्या घरचं शेंगदाण्याचं कूट, ते कुठल्याही नियमात नाही.

भागाबाई आज परत म्हणाली, चिकूलाही आणत जा की बाई, घरात कोंडून काय ठेवता. म्हटलं, चार दिवसांची पाहुणी ती, नाव कशाला चढवायचं? चार दिवस म्हणता म्हणता अडीच महिने झाले.

११ जुलै, शुक्रवार

आजही बोलले नाही.

१५ जुलै, मंगळवार

ठरवलं, आधी बघून तर येऊ. दुर्गीला घेऊन हायवेपलीकडच्या केंद्रात चालत गेले. मुद्दाम तिच्या चालीनं. अर्धा तास लागला, त्यातली दहा मिनिटं नुसती रस्त्याच्या कडेला उभं राहण्यात गेली. केळीचे ट्रक, पाइपांचे ट्रेलर, मधे घुसणाऱ्या मोटारसायकली. पूल नाही, सिग्नल नाही. दुर्गीनं माझं बोट इतकं घट्ट धरलं होतं की पलीकडे गेल्यावरही सोडेना.

तिथली सेविका चंद्रकांता माझ्या ओळखीची. दहा बाय बाराची खोली, पन्नास मुलं, एका कोपऱ्यात सिलिंडर. मला बघून म्हणाली, तुझी पोरं मी डोक्यावर बसवू का? खरंच आहे तिचं.

भिकुबाई दालमिलला सातला जातात. दुर्गीला रोज कोण नेणार? कोणी नाही. म्हणजे ती घरी राहणार, दाराला बाहेरून कडी. म्हणजे पट्टी परत लालवर. हे काही फार मोठं गणित नाही.

अंगणवाडी बंद होऊ द्यायची नाही. बस्स. लिहून ठेवते.

१८ जुलै, शुक्रवार

अर्ज केला! फेरसर्वेक्षणाची मागणी. मजकूर मी सांगितला, अक्षर लोटनभाऊंचं. ‘सदर सर्वेक्षण आखाजीच्या काळात झाल्याने बहुतांश कुटुंबे गावी होती’ वगैरे. बायांनी रांग लावून सह्या केल्या, अंगठे उठवले. मॅडमनी अर्ज स्वतः वर पोचवला. मला वाटतं, त्यांनाही मनातून हेच हवं आहे, फक्त अंगाला काही लागू द्यायचं नाही.

अर्जात माझं नाव कुठेच नाही. हुशार बाई!

२४ जुलै, गुरुवार

फेरसर्वेक्षण मंजूर. मॅडमचा फोन आला तेव्हा मी आणि भागाबाई तांदूळ निवडत होतो. भागाबाईनं सूप खाली ठेवून टाळी वाजवली. तारीख — सोमवार, ४ ऑगस्ट. एकच दिवस.

फोन ठेवला, भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि हसूच आलं. दुसरं काय करणार? नागपंचमीनंतरचा रविवार तीन ऑगस्ट. म्हणजे कानबाईदेवीचा सण! रविवारी कानबाई बसणार, सोमवारी सकाळी वाजतगाजत नदीवर जाणार. आख्खी भाऊबंदकी गावाकडच्या घरात. प्रसादाचे रोट भाऊबंदकीतच खायचे, संपेपर्यंत खायचे. वस्तीत परत कुलपं.

वर्षात दोनदा ही वस्ती पूर्ण रिकामी होते. त्या दोन्ही तारखा ऑफिसनं बरोबर शोधून काढल्या. मुद्दाम शोधल्या असत्या तर जमलं नसतं!

२६ जुलै, शनिवार

संध्याकाळी सगळ्यांना बोलावलं. विनवलं की एक वर्ष कानबाईला जाऊ नका, नाहीतर बायांनी तरी थांबा. कुणी रागावलं नाही, उलट सगळे ओशाळले. लोटनभाऊ म्हणाले, “ताई, तुमनं खरं शे. पन रोट खावाले जानंच पडस. मानूस नही गया तं त्यानी मूठ कशी टाकतीन?”

त्यांचंही चूक नाही. रोटाचे गहू घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं मुठीमुठीनं मोजून घेतात. पोटातल्या पोराची मूठ घेणारेही पाहिलेत मी. बायांची मात्र मूठ नाही. देवी बाई असून! पण तो राग काढायची ही वेळ नव्हती.

घरी आले तर हेमांगीनं विचारलं, काय झालं? सांगितलं. ती चिकूच्या वेण्या घालत होती. वर न बघता म्हणाली, “आई, तारीख बदलून माग. का बदलायची तेही सांग.”

का बदलायची ते सांगायचं म्हणजे आखाजीचं सांगायचं. तिला सगळं ठाऊक आहे, ओट्याशी होतीच ना ती.

२८ जुलै, सोमवार

झालं. सांगून टाकलं.

ऑफिसात अकरापासून बसले होते, साहेबांनी दीडला आत बोलावलं. साहेब चिपळूणकडचे, वर्षच झालंय इथे येऊन. माणूस वाईट नाही, दमलेला आहे. म्हणाले, चार तारखेला काय अडचण? मी कानबाईचं सांगितलं. त्यांनी सुट्ट्यांची यादी पाहिली. त्यात कानबाई नाही. मग फाइल उघडली, माझेच कागद पुढे केले. म्हणाले, तुमचे लोक म्हणतात एप्रिलमध्ये आखाजी होती, आता म्हणतात कानबाई आहे. पण इथे तर लिहिलंय, सेविकेनं दोनदा भेट दिली. मग आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?

सुटायला वाट होती. हो म्हणाले असते, दोनदा गेले, आठ दिवस गावीच असतात लोक. खोटं पचलं असतं. पण मग साहेब म्हणणार, लोक असे येऊन-जाऊन असतात तर त्यांच्यासाठी केंद्र कशाला? दुर्गीनं धरलेलं बोट दुखतंय असं उगाच वाटलं.

म्हटलं, “साहेब, दुसऱ्यांदा मी गेलेच नाही. घरी बसून लिहिलं.”

 त्यांनी चष्मा काढला. “हे लेखी द्याल?”

“द्या कागद.”

तिथंच लिहिलं, अर्धं पान.  हेमांगीचं नाव घातलं नाही. ते माझं कारण आहे, त्याची सबब करायची नव्हती.

फेरसर्वेक्षण आता ११ ऑगस्टला, दुसऱ्या केंद्राच्या सेविकेकडून. तोवर विलीनीकरण स्थगित. ‘तुमच्याबाबत स्वतंत्र कळवलं जाईल’ म्हणाले. कळवू देत.

३१ जुलै, गुरुवार

परवा नागपंचमी, काल पाऊस, म्हणून आज. मुलं जेवून गेल्यावर लोटनभाऊ, भिकुबाई, अजून सात-आठ जण होते. उभी राहिले आणि सांगितलं. तो कुलपं मोजणारा मुडदा मीच, असं म्हटलं.

लोटनभाऊंनी टोपी घातली आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाया एकमेकींकडे बघत होत्या. भागाबाई रडायला लागली, तिला वाटलं माझी नोकरी गेली.

भिकुबाई मात्र बसूनच होत्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, “तुन्ही आंडेर उनी व्हती ना त्या दिन. पिशवी लिसन. बठ्ठासले माहीत शे, वं.”

लेक अशी आली होती, हे वस्तीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं! आणि मी अडीच-तीन महिने ‘आखाजीला आली, राखीपर्यंत राहील’ करत फिरतेय.

पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. म्हणाल्या, “पन मन्हं दार तं उघडं व्हतं. मी नि दुर्गी आठेच व्हतूत. तू उनीच नही.”

खरं आहे, दोघी इथंच होत्या. ८ तारखेला इथे लिहिलंय की २८ला सगळी वस्ती फिरले. खोटं! नाल्याकडच्या शेवटच्या ओळीत मी गेलेच नव्हते. ऊन होतं, वास येत होता, पुढं सगळी कुलपं होती तर मागंही असणार असं धरलं. भिकुबाईंच्या उघड्या दारापुढे मी ‘दोनदा भेट, घर बंद’ लिहिलं. ज्या दुर्गीसाठी एवढी धावतेय ती त्या अकरांतही नव्हती. आणि हे मी माझ्याच वहीत, जी कुणी वाचणार नाही, तिच्यातसुद्धा लपवलं.

माझं घर तर यादीत घेतलंच नव्हतं. स्लॅबचं घर, पुढची ओळ. वस्तीला मोजायचं मी, वस्तीत मोजायचं नाही मला!

३ ऑगस्ट, रविवार

वस्ती रिकामी. दुपारी जावयाचा फोन. कानबाईला सून घरात नाही, भाऊबंद विचारतात, पाठवून द्या. मागचं काही काढू नका म्हणे. मी म्हटलं, तिला बरं नाही.

फोन ठेवल्यावर हेमांगी म्हणाली, मला चांगलं बरं आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

काल कळवलं. सेविका पदाच्या कामावरून दूर, चौकशी होईपर्यंत. बहुतेक कायमचंच, मॅडम म्हणाल्या. त्या या वेळी चहा प्यायल्या. किल्ल्या, वजनकाटा, रजिस्टरं, मोबाइल सगळं सही करून दिलं. भागाबाई किल्ली हातात घेईना, तिच्या पदराला बांधून दिली.

सोळा वर्षं. आज सकाळी सवयीनं सातला आंघोळ करून तयार होऊन बसले. मग चपला घातल्या आणि लोटनभाऊंच्या घरी गेले. सोमवारी कुणी नवी बाई मोजायला येणार, मुलांचे जन्मदाखले, आधार बाहेर काढून ठेवा म्हटलं. ते बघत राहिले. म्हणाले, आता तुमचा काय संबंध?

म्हटलं, शेजारीण आहे.

त्यांनी चहा ठेवायला सांगितलं.

१० ऑगस्ट, रविवार

दोन दिवस दारोदार. सगळे परत आले आहेत, रोटाचे उरलेले तुकडे दाखवतात, खा म्हणतात. त्यांच्याच भाऊबंदकीचे असतात, मला कसे चालणार? हे आठवलं की स्वतःच हसतात. शेवटच्या ओळीपासून सुरू केलं या वेळी. ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांची लसीची कार्डं शोधली, एक तर पत्र्याच्या पेटीत लग्नाच्या फोटोखाली सापडलं. लोटनभाऊंनी कारखान्यात बोलून बायांना उद्या दुपारनंतरची पाळी मिळवून दिली. सकाळी एकही दार बंद राहता कामा नये.

भिकुबाई दालमिलला खाडा करणार आहेत. मी काही म्हटलं नव्हतं.

११ ऑगस्ट, सोमवार

मोजायला चंद्रकांता आली. दुपारी एकच्या सुमारास शेवटी माझ्या दारात. तोंडावर घाम, वहीत त्रेचाळीस मुलं. पाणी प्यायली आणि विचारलं, घरात माणसं किती?

तीन म्हटलं.

तिचं पेन थांबलं. लेक आणि नात पाहुण्या ना, म्हणाली, मग कशा धरायच्या? आत हेमांगीचं लाटणं थांबलं.

“पाहुण्या नाहीत,” मी म्हटलं. “कायम इथंच राहणार.”

तिनं लिहिलं. चव्वेचाळीस.

उद्या चिकूला वाटी देऊन अंगणवाडीत पाठवायचं आहे. भागाबाईला सांगून ठेवलंय, तिला तिखट चालत नाही.